संग्रह, सूची, संपादन: मराठी ग्रंथशोधाचा इतिहास

परशुरामपंत गोडबोले यांचा 'नवनीत' हा निवडक मराठी कवितेचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जुन्या मराठी वाङ्मयाची जी कल्पना शिकलेल्या वाचकाच्या मनात होती, ती पुढील शंभर वर्षांत जवळजवळ पूर्णपणे बदलून गेली. त्या काळी जुनी मराठी म्हणजे प्रामुख्याने कविता असे समजले जाई आणि गद्य म्हटले की फार तर बखरींकडे बोट दाखवले जाई. तेराव्या शतकातही मराठीत विपुल आणि कसदार गद्य लिहिले गेले होते, किंवा सतराव्या शतकाच्या आरंभीच गोव्यात मराठी काव्य छापले गेले होते, याची सर्वसाधारण वाचकाला जाणीव नव्हती. ही जाणीव निर्माण झाली ती मठांत, देवघरांत, माळ्यांवर आणि परदेशी ग्रंथालयांत पडून राहिलेले ग्रंथ शोधून काढणाऱ्या संशोधकांमुळे. त्यांच्या कामाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते: ग्रंथ सापडणे ही केवळ योगायोगाची बाब नसते. ग्रंथ मिळवून जपणे म्हणजे संग्रह, त्याची नोंद इतरांना उपलब्ध करून देणे म्हणजे सूची, आणि त्याचा पाठ तपासून तो वाचकांपुढे ठेवणे म्हणजे संपादन, अशी ही तीन कामे एकामागून एक पार पडली तरच ग्रंथ खऱ्या अर्थाने सापडला असे म्हणता येते. त्यांपैकी एक जरी राहून गेले तरी हाती आलेला ग्रंथ पुन्हा अंधारात जातो.

हा शोध ज्या वस्तूंचा होता त्यांचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पोथी म्हणजे आडव्या, सुट्या पानांचा हस्तलिखित ग्रंथ. हातकागदाच्या पानांवर काजळीच्या शाईने, बोरूने, दोन्ही बाजूंना समास सोडून मजकूर लिहिलेला असे. चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावून दुरुस्ती केली जाई, पानांचा गठ्ठा दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून कापडी बासनात गुंडाळला जाई. 'बाड' म्हणजे शिवलेली, बहुधा लांबट आकाराची वही. कीर्तनकार, रामदासी आणि शाहीर आपापल्या उपयोगाची पदे, आरत्या, आख्याने तीत उतरवून घेत. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, लेखन पूर्ण झाल्याचा शक, संवत्सर आणि तिथी नोंदवी. या समाप्तीच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की सामान्यतः इसवी सन येतो, त्यामुळे पुष्पिका शाबूत असेल तर प्रतीचा काळ ठरवणे सोपे जाते. परंतु पुष्पिका नेहमी शेवटच्या पानावर असते आणि पोथीचे पहिले व शेवटचे पान सर्वांत आधी झिजते, फाटते किंवा गहाळ होते. म्हणून संशोधकाला पुष्कळदा कागदाचा पोत, अक्षराचे वळण आणि भाषेची रूपे यांवरच विसंबावे लागते.

पोथ्या नाहीशा होण्याची कारणे अनेक होती. कोकणातील दमट हवा, वाळवी आणि कसर ही नैसर्गिक कारणे झाली. पण माणसांच्या रीतीही तितक्याच कारणीभूत ठरल्या. जीर्ण झालेली पोथी नदीत सोडून देणे हे पुण्यकर्म मानले जात असे. वाटण्यांच्या वेळी एका पोथीची पाने दोन घरांत गेल्याने दोन्हीकडचा भाग निरुपयोगी ठरे. हिशेब, पत्रे आणि पुष्कळशी बाडे मोडी लिपीत असल्यामुळे, मोडी वाचणारी पिढी संपली तशी घरातील वारसांना ती कागदपत्रे निव्वळ रद्दी वाटू लागली. छापील ग्रंथ स्वस्तात मिळू लागले तेव्हा ज्ञानेश्वरीची किंवा पांडवप्रतापाची हस्तलिखित प्रत घरात ठेवण्याचे प्रयोजनही उरले नाही. त्या प्रतीतील पाठ छापील प्रतीपेक्षा वेगळा आणि अधिक जुना असू शकतो, हा विचार सामान्य भाविकाच्या मनात येणे शक्यच नव्हते.

पद्धतशीर शोधाचा पहिला नमुना संस्कृत हस्तलिखितांच्या क्षेत्रात घालून दिला गेला. १८६८ पासून सरकारने संस्कृत हस्तलिखितांच्या शोधासाठी खर्च मंजूर केला आणि मुंबई इलाख्यात गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न आणि पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी गुजरात, राजस्थान, काश्मीर आणि दख्खन या भागांत फिरून पोथ्या मिळवल्या. बिल्हणाचे 'विक्रमाङ्कदेवचरित' हे चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्यावरील काव्य ब्यूलर यांना जैसलमेरच्या जैन भांडारात मिळाले, ते याच मोहिमेत. या कामाचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक दौऱ्यानंतर मिळालेल्या आणि नुसत्या पाहिलेल्या पोथ्यांच्या याद्यांसह अहवाल छापले गेले, त्यामुळे संग्रह डेक्कन कॉलेजात असला तरी त्याची माहिती जगभरच्या अभ्यासकांना मिळाली. १९१७ मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर हा संग्रह १९१८ मध्ये तिकडे गेला. मराठी पोथ्या मात्र या सरकारी मोहिमेच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी पदरमोड करणारी माणसे आणि लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थाच पुढे याव्या लागल्या.

१८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेले 'काव्येतिहास संग्रह' हे मासिक या कामाचा आरंभ मानता येईल. जुन्या कविता, बखरी आणि ऐतिहासिक पत्रे त्यातून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागली आणि घरात कागद असणाऱ्या अनेकांना आपल्या कागदांचे मोल प्रथमच कळले. पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी या कामाला वेगळेच परिमाण दिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. राजवाडे गावोगाव पायी हिंडत, जुन्या घराण्यांच्या वाड्यांत आणि मठांत जाऊन दप्तरे उघडून पाहत, आणि मिळालेला कागद कोठे, कोणाकडे, कोणत्या स्थितीत होता याची चर्चा प्रस्तावनांमध्ये सविस्तर करत. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने या हिंडून जमवलेल्या साहित्याला घर दिले, आणि राजवाडे यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाडे यांच्या ज्ञानेश्वरीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये पूर्ण झाली. पुढे प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये तिचा पाठ शुद्ध केला, आणि घरोघरी वाचली जाणारी ज्ञानेश्वरी ही या एकनाथी परंपरेतली आहे. बीडकडील पाटांगण येथे मिळालेली प्रत एकनाथांच्या आधीची आहे असे राजवाडे यांचे मत झाले, आणि त्या प्रतीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापून तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. त्या प्रतीच्या प्राचीनतेविषयी पुढे विद्वानांत मतभेद झाले. तरीही एका ग्रंथाच्या अनेक प्रती ताडून पाहिल्याशिवाय मूळ पाठाविषयी बोलता येत नाही, हे तत्त्व मराठीत रुजण्यास या आवृत्तीचा मोठा हातभार लागला. पाठभेद नोंदवून, प्रतींची वंशपरंपरा ठरवून मूळाच्या जवळचा पाठ निश्चित करण्याच्या या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात.

याच पिढीत धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाचे मठ पिंजून काढून बाडे आणि पोथ्या जमवल्या. समर्थशिष्य कल्याण यांनी लिहिलेली म्हणून डोमगावच्या मठात जपलेली दासबोधाची प्रत त्यांनी १९०५ मध्ये छापून प्रसिद्ध केली, आणि त्यांचा संग्रह धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आजही आहे. ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले विनायक लक्ष्मण भावे यांनी जुन्या कवींच्या हस्तलिखितांचा शोध घेता घेता 'महाराष्ट्र सारस्वत' हा वाङ्मयेतिहास लिहिला. आरंभी लहानसा असलेला हा ग्रंथ १९१९ च्या आवृत्तीत कितीतरी वाढला आणि पुढे शं. गो. तुळपुळे यांची मोठी पुरवणी त्याला जोडावी लागली. नवे ग्रंथ सापडत गेले तसा वाङ्मयाचा इतिहास कसा वाढत गेला, हे या एकाच पुस्तकाच्या आवृत्त्या समोर ठेवल्या तरी दिसून येते.

या सगळ्या शोधांत महानुभाव वाङ्मयाचा शोध सर्वांत दूरगामी ठरला. चक्रधरांच्या लीळा म्हणजे त्यांच्या आयुष्यातील प्रसंग आणि वचने, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना विचारून एकत्र केली, तोच 'लीळाचरित्र' हा ग्रंथ. पुढे संप्रदायाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास सुरुवात केली. सकळ लिपीत एका अक्षराऐवजी ठरावीक दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजलेले असते. किल्ली ठाऊक नसलेल्याच्या हाती अशी पोथी आली तरी तिच्यातून काहीच अर्थबोध होत नाही. याचा परिणाम दुहेरी झाला. परकीयांच्या हातून ग्रंथ भ्रष्ट होण्याचे भय टळले आणि मठांतील लेखनिकांनी ते शतकानुशतके निष्ठेने उतरवून ठेवले, हा एक भाग. तर उर्वरित मराठी समाजाला सुमारे सहाशे वर्षे या वाङ्मयाचा पत्ताच लागला नाही, हा दुसरा.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हा पडदा दूर झाला. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडून ती प्रसिद्ध केली, भावे यांनी महानुभावांचे काव्यग्रंथ छापले, आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी 'महानुभावीय मराठी वाङ्मय' या १९२५ च्या ग्रंथात या साहित्याचा विस्तृत परिचय करून दिला. यात लिपिज्ञानाइतकाच महंतांचा विश्वास महत्त्वाचा होता, कारण पोथी बाहेरच्या माणसाला दाखवणे हे कित्येकांना धर्मबाह्य वाटत होते. ज्यांनी ती दाखवली त्या महंतांचे ऋण मराठी भाषेवर कायमचे आहे. नागपूरचे हरी नारायण नेने यांनी लीळाचरित्राचे भाग १९३६ पासून प्रसिद्ध केले, आणि वि. भि. कोलते यांनी संपादलेले समग्र लीळाचरित्र १९७८ मध्ये राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. या ग्रंथाची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी आठवणीतून तो पुन्हा सिद्ध केला, अशी संप्रदायाची परंपरा असल्याने त्याचे हिराइसा पाठासारखे अनेक पाठ निर्माण झाले. संपादकांना या सगळ्यांचा मेळ घालावा लागला. मराठी गद्याचा आरंभ बखरींपासून धरण्याची रीत या प्रकाशनांनंतर संपली आणि तो थेट यादवकाळात नेऊन ठेवावा लागला.

हस्तलिखितांप्रमाणेच जुन्या छापील ग्रंथांचाही शोध घ्यावा लागला, कारण छापलेले पुस्तक अनेक प्रतींत असते म्हणून ते टिकतेच, हा समज खरा नाही. गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी १५५६ मध्ये मुद्रणयंत्र आणले आणि भारतातील मुद्रणाचा तो आरंभ होय. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंदात रचलेले 'क्रिस्तपुराण' सासष्टीतील राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले; पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघूनही त्यांपैकी एकीचीही प्रत आज कोठे उपलब्ध नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील मुद्रण बंद पडले, १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेच्या वापरावर बंधने आली, आणि दमट हवेत उरलीसुरली पुस्तकेही गेली. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे: गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती समाजाने त्याच्या प्रती हाताने उतरवून जपल्या, आणि जोसेफ सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. छापलेला ग्रंथ लुप्त व्हावा आणि हाताने लिहिलेल्या प्रतींनी त्याला तारावे, ही मुद्रणाच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

क्रिस्तपुराणाची एक देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनमध्ये निघाली. विल्यम मार्सडेन या संग्राहकाने आपली हस्तलिखिते १८३५ मध्ये किंग्ज कॉलेजला दिली होती आणि पुढे ती लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयाकडे आली. मराठी संतकवींचे अभ्यासक असलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात त्या संग्रहातील या प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून क्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा मराठी वाचकाला हे काव्य प्रथमच स्वतःच्या लिपीत सुलभपणे वाचता आले. स्टीफन्स यांच्याच कोकणी व्याकरणाला, जे राचोल येथे १६४० मध्ये छापले गेले होते, पोर्तुगीज अधिकारी आणि ग्रंथपाल कुन्हा रिवारा यांनी १८५७ मध्ये गोव्यात पुन्हा छापून उजेडात आणले होते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात गोव्याहून गेलेली रोमन लिपीतील मराठी-कोकणी हस्तलिखितेही आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा आणि कृष्णदास शामा यांचे कृष्णचरित्र जपले गेले, आणि गोव्यात जे उरले नाही ते धर्मप्रसारकांनी स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवून नेल्यामुळे वाचले.

देवनागरी आणि मोडी खिळ्यांनी छापलेल्या मराठी ग्रंथांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला, आणि तोही महाराष्ट्रापासून दूर. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले. पुढे 'सिंहासनबत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) अशी पुस्तके तेथूनच मोडी अक्षरांत निघाली. तंजावरला सरफोजीराजे भोसले यांनी स्वतःचे मुद्रणालय उभारून इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद 'बालबोधमुक्तावली' छापवला. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आज सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. याच सुमारास मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या अक्षरांवरून भगवद्गीता छापली गेली. तिचा आरंभ नाना फडणविसांच्या काळात पुण्यात झाला होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी पुस्तिका निघू लागल्या, आणि तेथे धंदा शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाने, म्हणजे दगडावर उलटी अक्षरे उमटवून, १८३१ मध्ये पंचांग छापले. शाईतील चरबीमुळे सोवळे लोक छापील पोथीला हात लावीत नसत, म्हणून त्यांनी चरबीऐवजी तूप वापरल्याचे सांगितले जाते.

मुद्रणाच्या बाल्यावस्थेतील अशा पुस्तकांना मराठीत 'दोलामुद्रिते' म्हणतात. १८६७ पर्यंत छापलेल्या पुस्तकांचा त्यात सामान्यतः समावेश होतो. त्या वर्षी मुद्रण आणि पुस्तक-नोंदणीचा कायदा झाला आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारकडे नोंद होऊन त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यापूर्वीच्या पुस्तकांची अशी सलग नोंद नव्हती. मुंबई इलाख्यात १८६४ अखेरपर्यंत छापलेल्या देशी भाषांतील पुस्तकांची ॲलेक्झांडर ग्रँट यांची यादी आणि ब्रिटिश म्युझियममधील मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्ट यांनी केलेली १८९२ ची सूची, यांचा आधार होता. परंतु या दोन्ही याद्या इंग्रजीत, मर्यादित हेतूने केलेल्या होत्या. मराठी ग्रंथांची मराठीत केलेली समग्र नोंद हवी, हा ध्यास शंकर गणेश दाते यांनी घेतला. त्यांची १८०० ते १९३७ या काळातील 'मराठी ग्रंथसूची' १९४० च्या दशकात प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये निघाला. विषयवार रचना, लेखक, शीर्षक, वर्ष, पृष्ठसंख्या आणि किंमत यांच्या नोंदी असलेले हे काम एका माणसाच्या आयुष्याची मोठी किंमत घेणारे होते. जुन्या पुस्तकाचा संग्राहक, रद्दीच्या दुकानातून दुर्मिळ प्रत वेचणारा वाचक आणि विद्यापीठातील संशोधक या सर्वांना हाती आलेल्या पुस्तकाचे स्थान दाखवून देणारे ते पहिले विश्वसनीय साधन ठरले.

सूचीच्या पायावर संशोधनाची इमारत कशी उभी राहते, हे अनंत काकबा प्रियोळकर यांच्या कामातून दिसते. गोव्यातील प्रियोळ येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या प्रियोळकरांनी रघुनाथपंडितांच्या 'दमयंतीस्वयंवरा'चे संपादन १९३५ मध्ये पाठचिकित्सेच्या शिस्तीने केले आणि पुढे मुक्तेश्वरांच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मराठी संशोधन मंडळाचे संचालक या नात्याने त्यांनी पोर्तुगाल आणि इंग्लंडमधील ग्रंथालयांतील जुन्या मुद्रितांचा पाठपुरावा केला. भारतीय मुद्रणाला चारशे वर्षे झाल्याचे निमित्त साधून त्यांनी १९५८ मध्ये लिहिलेला भारतातील मुद्रणकलेचा इंग्रजी इतिहास आजही या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो; आणि स्टीफन्स यांच्या राचोल येथे १६२२ मध्ये छापलेल्या ख्रिस्ती धर्मप्रश्नोत्तरांची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९६५ मध्ये 'दौत्रिन क्रिश्तां' या नावाने काढली.

ग्रंथ छापला गेला असला तरी तो पूर्णपणे सापडलेला असतोच असे नाही, हे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'वरून समजते. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झांशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी १८८३ मध्ये आपली हकीकत मोडीत लिहून दिली. वैद्य यांनी ती गोडसे यांच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु ब्रिटिश राजवटीची धास्ती आणि तत्कालीन अभिरुची यांमुळे त्यांनी मजकुरात काटछाट केली आणि गोडसे यांची बोलीसारखी वाहती भाषा ग्रांथिक करून टाकली. सुदैवाने मूळ हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळात पोहोचले, आणि दत्तो वामन पोतदार यांनी त्यावरून १९६६ मध्ये मूळ पाठाची आवृत्ती काढली. साठ वर्षे वाचकांपुढे असलेले पुस्तक आणि लेखकाने लिहिलेले पुस्तक यांतील अंतर त्यानंतर स्पष्ट झाले. मूळ प्रत जपली नसती तर गोडसे यांचा खरा आवाज कायमचा हरवला असता.

संग्रहाचा हा इतिहास उज्ज्वल आहे, पण त्यात उणिवा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. कोणत्या घरातील कागद जपण्याजोगे आहेत हे ठरवणाऱ्यांची दृष्टी प्रामुख्याने संतकाव्य, पंडितकाव्य आणि राजकीय इतिहास यांवर खिळलेली होती. स्त्रिया, शेतकरी आणि सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते यांच्या छोट्या पुस्तिकांना त्या काळच्या संग्रहांत फारसे स्थान मिळाले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यातील श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती अवघ्या पाचशे होत्या आणि किंमत नऊ आणे. जोतीराव फुले यांनी त्याची दखल घेतली, पण पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ते विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते संपादून पुन्हा छापल्यावरच आधुनिक भारतातील स्त्रीवादी लेखनाच्या इतिहासात त्याला त्याचे स्थान मिळाले. फुले यांचे १८५५ चे नाटक 'तृतीय रत्न' लेखकाच्या हयातीत छापलेच गेले नव्हते. ते १९७९ मध्ये 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाले. ही दोन पुस्तके उशिरा सापडल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी विचारांचे चित्र दीर्घकाळ अपुरे राहिले, आणि अशा आणखी किती पुस्तिका रद्दीत गेल्या याचा हिशेब आता लागणार नाही.

अलीकडच्या काळात पोथ्या आणि दोलामुद्रिते यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर साठवण्याचे काम वेगाने होत आहे. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले, राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ सर्वांना वाचायला खुले केले, आणि जुन्या ग्रंथसंग्रहालयांनीही आपापले संग्रह या मार्गाने सुरक्षित करण्यास सुरुवात केली. हे काम मोलाचे आहे. परंतु प्रतिमा म्हणजे सूची नव्हे आणि सूची म्हणजे संपादन नव्हे. नाव, काळ, प्राप्तिस्थान आणि पानांची स्थिती यांची नोंद नसलेली हजारो पानांची प्रतिमा बासनात बांधलेल्या पोथीइतकीच दुर्गम राहते, आणि मोडी वाचणारी माणसे तयार झाली नाहीत तर उरलेली दप्तरे प्रतिमांच्या रूपानेही मूकच राहतील. म्हणून विद्यापीठांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी मोडीवाचन आणि पाठचिकित्सा हे विषय पुन्हा गांभीर्याने शिकवायला हवेत, आणि ग्रंथसंग्रहालयांना सूचिकारांसाठी कायमच्या जागा मिळायला हव्यात.

या कामात सामान्य कुटुंबांचाही वाटा आहे. ज्यांच्या घरी जुनी पोथी, बाड किंवा शिळाछापाचे पुस्तक आहे, त्यांनी ते नदीत सोडू नये, रद्दीत घालू नये, पाने सुटी करून वाटून घेऊ नयेत आणि चिकटपट्टीने जोडण्याचा प्रयत्न करू नये. ते कोणाकडून आले, कोणत्या गावचे आहे, घरात कोण वाचत असे, एवढी माहिती एका कागदावर लिहून सोबत ठेवावी आणि जवळच्या संशोधन मंडळाला किंवा ग्रंथसंग्रहालयाला त्याची नोंद घेऊ द्यावी. राजवाडे, देव, भावे, दाते आणि प्रियोळकर यांनी जे मिळवले ते अशाच घरांनी आणि मठांनी दारे उघडल्यामुळे मिळवले, आणि ज्या घरांची दारे अजून उघडायची आहेत त्यांतूनच मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पुढची पुरवणी लिहिली जाणार आहे.